आगोटीची बेगमी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालवणच्या किनाऱ्यावर गेलं की होड्या पाण्यात कमी आणि वाळूवर जास्त दिसतात. ओढून वर घेतलेल्या, आडोशाला लावलेल्या, माडाच्या झापांनी शाकारलेल्या. बाजारात सुकटीचे आणि सुक्या बांगड्यांचे ढीग लागलेले असतात, अंगणात आमसुलं वाळत असतात, मागच्या पडवीत लाकडं रचून होतात. आगोट तोंडावर आली की घराघरांत हीच धांदल. १ जूनला मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत, एकसष्ट दिवस. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवासी होड्या त्याच्या आधीच थांबलेल्या असतात. आंब्याच्या बागेत शेवटची चार फळं उरलेली असतात. या किनाऱ्यावर कमवायचं ते आठ महिने आणि खायचं बारा महिने, हा हिशेब इथल्या बाईला लग्न होऊन आल्या वर्षीच कळतो.

सिंधुदुर्गातल्या छोट्यामोठ्या व्यावसायिकांशी केलेल्या बोलण्यांचं हे पुस्तक वाचताना मला ही आगोट सारखी आठवत राहिली. काजू फोडणारे, घरगुती खाणावळ चालवणारे, होडी भाड्याने देणारे, कोकमाचं आगळ विकणारे, लाकडी खेळणी रंगवणारे, पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेणारे, असे किती तरी लोक यात बोलले आहेत. बोलताना ‘उद्योजक’ हा शब्द त्यांनी क्वचितच वापरला आहे. ते ‘धंदा’ म्हणतात, ‘काम’ म्हणतात. एवढा पैसा कुठून आला, या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर आईच्या बांगड्यांपासून सुरू होतं. हे शिकलात कुठे, या प्रश्नाला मात्र प्रत्येक जण थोडा थांबतो आणि कुणा एका माणसाचं नाव घेतो. हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं ते त्या थांबण्यामुळे.

मी स्वतः धंद्यातल्या घरात वाढलो. वडील आधी गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दीड वर्ष वाट पाहून ते मालवणला परतले. आमच्या परसात रातांब्याची तीन झाडं होती. त्यांच्या भरवशावर आईने आणि त्यांनी कोकम सरबताच्या बाटल्या भरायचं ठरवलं. पहिल्या वर्षी दोनशे बाटल्या भरल्या, माळ्यावर ठेवल्या. जूनच्या पहिल्या पावसाआधीचा तो उकाडा. एका रात्री माळ्यावर बंदुकीसारखे आवाज झाले. सरबत आंबून बुचं उडत होती आणि काही बाटल्या फुटत होत्या. सकाळी लाल ओघळ भिंतीवरून खाली आले होते. वडील पायरीवर बसून राहिले. शेजारची काकी आली, तिने फुटलेल्या बाटलीतलं बोटाने चाखलं आणि विचारलं, “साकर हात राखून घातलंस काय रे? मगे बाटल्यो फुटतल्योच.”

चूक तेवढीच होती. सालीच्या दुप्पट साखर लागते, थर देऊन ती घालावी लागते आणि पाक पूर्ण सुटेपर्यंत दिवसचे दिवस हलवावं लागतं. साखर महाग म्हणून वडिलांनी ती कमी केली होती. काकीला हे माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, आमच्या आजीलाही माहीत असणार. पण वडील सोळाव्या वर्षी मुंबईला गेले आणि घरातलं हे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचायचं राहून गेलं. त्या वर्षीचं नुकसान आम्ही तीन वर्षं फेडलं. काकीला मात्र पुढच्या हंगामापासून वडिलांनी भागीदार करून घेतलं, आणि ती गेली तोवर दर आगोटीला तिचा वाटा तिच्या घरी पोचत होता.

ही आमच्या घरची गोष्ट असली तरी जिल्ह्यातल्या अर्ध्या घरांत ती वेगळ्या तपशिलांनी सापडेल. रत्नागिरीतून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला. १२१ किलोमीटरचा किनारा, आठ तालुके. २००१ च्या जनगणनेत इथे ८,६८,८२५ माणसं होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. देशभर लोकसंख्या वाढत असताना आमची घटली. गावातला हुशार, धडपड्या मुलगा सगळ्यात आधी बाहेर पडायचा. तो मनिऑर्डर पाठवायचा, गणपतीला यायचा, आल्यावर घराचं छप्पर दुरुस्त करायचा. पैसा येत राहिला, म्हणून गाव उपाशी राहिलं नाही. पण धंद्याचं शिक्षण बापाकडून मुलाकडे आणि चुलत्याकडून पुतण्याकडे जातं, आणि ज्याच्याकडे ते जायचं तो परळच्या चाळीत होता. ‘कोकणी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्याचा मला आता राग येतो. जमत नव्हता असं नाही. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये पाचशे किलोमीटरचं अंतर पडलं होतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी रापण बघावी. अजून थोड्या ठिकाणी ती बघायला मिळते. जाळ्याच्या एका टोकाची दोरी किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात देऊन होडी समुद्रात जाते, अर्धं वर्तुळ घालत जाळं सोडते आणि दुसरं टोक घेऊन काही अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं दोरी ओढतात आणि ओढता ओढता एकमेकांच्या जवळ सरकतात. जाळं वाळूवर आलं की वाटणी होते. होडी-जाळ्याचा हिस्सा बाजूला निघतो, कारण त्यातूनच उद्याची डागडुजी व्हायची असते. उरलेलं दोरी ओढणाऱ्यांत वाटलं जातं. भांडवलाचा वाटा, श्रमाचा वाटा आणि झिजेची तरतूद, सगळं त्याच वाळूवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शाळेतून पळून आलेला पोरगा दोरीला हात लावतो, त्यालाही पिशवीत चार मासे मिळतात. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवसापासून वाटा देणारी ही व्यवस्था इथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

आणि तांडेल. पाण्याचा रंग कुठे बदलला, पक्षी कुठे घिरट्या घालतात, वारा कधी फिरेल, हे बघून जाळं कधी सोडायचं ते तो ठरवतो. जाळं रिकामं आलं तर त्याचं तोंड सगळ्यांत आधी उतरतं. मार्गदर्शक म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला हा माणूस दिसतो. तो व्याख्यान देत नाही. त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. तो बघतो तिकडे बघावं लागतं. दहा वेळा तुम्हाला काहीच दिसत नाही, अकराव्या वेळी पाण्यावरची ती काळसर छटा दिसते. त्याने काय पाहिलं ते तुम्हाला तेव्हा कळतं. आपल्या चुकीचा भार जो तुमच्या बरोबरीने उचलतो त्याच्याकडून शिकण्याची चव वेगळी असते. या पुस्तकात ज्यांची नावं आदराने घेतली गेली आहेत, ते बहुतेक असे तांडेल आहेत. त्यांचाही पैसा कधीतरी बुडालेला आहे.

रापण आता विरळ झाली, हे मात्र नुसतं हळहळून सोडून देण्यासारखं नाही. यांत्रिक ट्रॉलर आले, नंतर पर्ससीन जाळी आली. किनाऱ्याजवळचा मासा मोठ्या जाळ्यांनी आधीच उचलला गेला तर वाळूवर उभ्या असलेल्या पन्नास माणसांच्या एकजुटीचं काय होणार? मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर मर्यादा घालणारा आदेश काढला. समुद्रात प्रखर दिवे लावून केल्या जाणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. अंमलबजावणीची भांडणं अजून मिटलेली नाहीत. मी हे इथे लिहितो, कारण जिद्द आणि चिकाटी यांचं कौतुक करणारी पुस्तकं कायद्याबद्दल फार कमी बोलतात. माणूस खचला की आपण त्याला हिंमत धर म्हणतो. काही वेळा त्याला हिंमतीची नाही, न्यायाची गरज असते. पुस्तकातला तिसरा भाग या दृष्टीने वाचावा, अशी माझी विनंती आहे. तिथे मच्छीमार बोलतात आणि ते आपल्या धैर्याबद्दल बोलत नाहीत.

आंब्याकडे वळतो, कारण या जिल्ह्यात धंद्याची सगळ्यांत मोठी शाळा तीच आहे. देवगड तालुक्यातला बागायतदार वर्षभर झाडाची सेवा करतो आणि त्याची कमाई दोन-अडीच महिन्यांत ठरते. मोहोर आला की तुडतुडे आणि थ्रिप्स, फळ धरलं की फळगळ, तयार झालं की आतून साका निघण्याची भीती. या सगळ्यांतून वाचलेली पेटी वाशीच्या बाजारात पोचते, तेव्हा भाव दुसराच कुणी सांगतो. फवारणीच्या आणि मजुरीच्या खर्चासाठी दलालाकडून आधीच उचल घेतलेली असते, म्हणून माल त्यालाच द्यावा लागतो. कित्येक बागायतदारांना आपल्या आंब्याचा अखेरचा भाव शेवटपर्यंत कळत नसे. १९८६ मध्ये देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. एकट्याने दलालाशी बोलणं आणि सातशे जणांनी मिळून ग्राहकाशी बोलणं यातला फरक त्या पिढीने अनुभवाने शिकला.

पुढे अडचणीचं रूप बदललं. देवगडच्या नावाने दुसरीकडचा आंबा विकला जाऊ लागला. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग आहे. पण मानांकन कागदावर आणि आंबा पेटीत. शेवटी २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर काढून पुन्हा लावता येणार नाही असं, क्रमांक असलेलं सील लावण्याचा मार्ग देवगडच्या संस्थेने धरला. एकेका फळाला सील लावायचं म्हणजे किती हात लागतात याचा विचार करा. जुन्या मंडळींना हा उपद्व्याप वाटला असेल. मला ती पत जपण्याची धडपड वाटते. मराठीत ‘पत’ या एकाच शब्दात माणसाचा लौकिक आणि त्याला मिळणारी उधारी दोन्ही येतात. शब्द बनवणाऱ्यांना व्यवहार नीट समजलेला होता.

आणि मग २०२० आणि २०२१. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली तेव्हा आंबा झाडावर तयार होत होता. बाजार समित्यांचं काम विस्कळीत झालं, वाहनं मिळेनात. त्या हंगामात कित्येक बागायतदारांनी पहिल्यांदाच मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांशी थेट संपर्क साधला. व्हॉट्सअॅपवर याद्या केल्या, पास काढले, टेम्पो भरले. अनेकांना त्याच वर्षी प्रथम कळलं की आपला आंबा खाणाऱ्या माणसाला नाव असतं आणि त्याला आपलंही नाव जाणून घ्यायचं असतं. पुढच्या वर्षी ती घडी बसते आहे असं वाटत असताना १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. उरलेला आंबा जमिनीवर आला. माड मोडले, घरांची कौलं उडाली, विजेचे खांब पडले, गावंच्या गावं अंधारात राहिली. एका बागायतदाराचं बोलणं या पुस्तकात आहे. त्यात वादळाच्या रात्रीबद्दल दोनच ओळी आहेत आणि नंतरच्या पंधरा दिवसांबद्दल चार पानं. कोणती मोडकी फांदी ठेवायची, कोणती कापायची, कापलेल्या जागी काय लावायचं, कोणत्या गिऱ्हाइकाचे आगाऊ पैसे आधी परत करायचे. पैसे परत करण्याचा तो निर्णय मी दोनदा वाचला. हातात काही नसताना त्याने उसने घेऊन ते परत केले, आणि पुढच्या वर्षी त्याच गिऱ्हाइकांनी पैसे आधी भरले.

काजूबद्दल थोडक्यात. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काम करतं आहे. तिथे तयार झालेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची कलमं आणि १९९० पासूनची रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि कातळावर, वरकस जमिनीवर काजू उभा राहिला. बी वाफवणं, फोडणं, सालपट काढणं, पाकळी आणि तुकडा वेगळा करणं, ही कामं बायकांच्या बोटांवर चालतात. कारखाना कुणाच्याही नावावर असो, धंद्याची नफ्या-तोट्याची रेषा त्या बोटांमधून जाते. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावातला फरक ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता ज्या माणसाबद्दल मला मनापासून लिहायचं आहे त्याच्याकडे येतो. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम सुरू केला. त्याआधी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी अन्नत्याग केला होता, आणि गांधीजींनी त्यांच्यासाठी येरवड्यात उपवास धरला. अप्पासाहेबांनी गोपुरीत मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं काम केलं, मैल्याचं खत केलं, संडासाचे नवे नमुने तयार केले, गोबर गॅसचे प्रयोग केले. उद्योजकांच्या पुस्तकात या संन्यस्त माणसाचं काय काम, असं काहींना वाटेल. माझं म्हणणं असं की या जिल्ह्यात धंद्याच्या आड सगळ्यांत मोठी धोंड लाजेची होती. अमुक काम आपल्या जातीचं नव्हे, तमुक काम शिकलेल्या माणसाला शोभत नाही. मुंबईत दुसऱ्याच्या हाताखाली काहीही चालेल, पण गावात दुकानाच्या फळीवर बसणं कमीपणाचं. अप्पासाहेबांनी ज्या कामाला सगळ्यांत जास्त नाकं मुरडली जात होती, तेच काम हातात घेतलं आणि त्याचं शास्त्र बनवलं. आज झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाचं बायोगॅसचं काम पाहतो, तेव्हा गोपुरीची ती वाट पुढे चालू असल्यासारखं वाटतं. शेणाला किंमत आहे हे घरातल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. तिला धूर नको असतो आणि कर्ज फिटायला हवं असतं. ज्यांनी हे दोन्ही ऐकून घेतलं त्यांचंच काम टिकलं.

सावंतवाडीची गोष्ट याहून निराळी आणि मला फार जवळची. तिथे पूर्वी गंजिफा रंगवल्या जात. हे गोल पत्ते लाखकामाचे असत. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, असे एकशेवीस पत्ते. छापील पत्ते आल्यावर ही कला संपत आली. पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे उरले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी करायचं ठरवलं आणि त्यासाठी सत्त्वशीलादेवी स्वतः चितारींच्या समोर शिकायला बसल्या. मग राजवाड्यातच कारागीर बसू लागले आणि तिथे काम सुरू झालं. राजघराणं एका चित्रकारासमोर विद्यार्थी होऊन बसतं, हे चित्र मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणतो. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, असं आपण धरून चालतो. इथे ज्याच्याकडे पैसा होता तो मागणारा होता आणि ज्याच्याकडे कुंचला होता तो देणारा. पन्नास वर्षांनी, २०२४ मध्ये, सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. चितारींनी त्या दिवसांत शिकवायला नकार दिला असता, किंवा त्यांना कुणी विचारलंच नसतं, तर मानांकन द्यायला काही उरलं नसतं.

पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्काराच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. गोठ्यातल्या त्या पहिल्या दिवसांबद्दल, गुरं कुठे बांधायची यावरून घरात काय बोलणं झालं असेल त्याबद्दल, मला जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

शिकवण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे वेळेवर उच्चारलेला शब्द. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा मालवणी बोलीतलं नाटक मुंबईत कोण बघणार, हा प्रश्न होता. सुरुवातीचे प्रयोग तोट्यात गेले. पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिलं, मोकळेपणाने दाद दिली, आणि चित्र पालटलं. पुढे मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले आणि नाटक परदेशातही नेलं. भद्रकाली प्रॉडक्शन्स ही त्यांची संस्था म्हणजे मालवणी माणसाने आपल्याच बोलीच्या भांडवलावर उभा केलेला धंदा आहे. ज्या बोलीला मुंबईत आम्ही घराबाहेर आवरत होतो, तिची तिकिटं विकली गेली. पुलंनी पैसा दिला नाही, सल्लाही दिला नाही. चांगलं आहे ते चांगलं आहे असं चारचौघांत सांगितलं. यशस्वी माणसांना हे एवढं करायला काय लागतं, ते मला कळलेलं नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ पासून स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवनं दाखवतात. होडी वल्हवतात त्याच, माहिती सांगतात त्याच. खाडीकाठी जन्म गेला असला तरी वल्हं हे पुरुषांचं, असा शिरस्ता होता. या कामामागे वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्गातला प्रकल्प यांचं पाठबळ होतं. प्रकल्प येतात आणि मुदत संपली की जातात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. कित्येक गावांत प्रकल्पाचा फलक उरतो आणि शेड गंजते. ही होडी प्रकल्पानंतरही चालू राहिली, कारण शिकवणाऱ्यांनी वल्हं खरोखर त्यांच्या हातात दिलं होतं.

तारकर्ली-देवबागचा अनुभव कडूगोड आहे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या अरुंद पट्टीवर घराघरांत न्याहारी-निवास आले. मच्छीमारांची मुलं पाणबुडे प्रशिक्षक झाली. त्यांच्या बापाला खडकाचा ठाव होता, मुलांनी तिथे काचेचा चष्मा लावून माणसं नेली. मासा कमी झाला त्या काळात या पैशाने घरं सावरली. पण गर्दी वाढली, घाई वाढली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगामाचे शेवटचे दिवस होते, वारं बदललेलं होतं. होडी कधी बाहेर काढायची नाही, हे ज्ञान धंद्याच्या हिशेबात धरलं जात नाही, कारण ते ज्या दिवशी वापरायचं त्या दिवशी तोटाच होतो. एका दिवसाची कमाई सोडून देणारा तांडेल आपण मुलांना दाखवला आहे का, असा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक व्यावसायिकाने स्वतःला विचारायला हवा.

पुस्तकात एक उणीव राहिली आहे आणि ती संपादकांनाही ठाऊक आहे. बंद पडलेल्या धंद्यांची माणसं बोलायला तयार होत नाहीत. शंभर फोन केले तेव्हा दोघं बोलली, असं त्यांनी मला सांगितलं. त्या दोघांची प्रकरणं छोटी आहेत. एकाची मासळी साठवण्याची खोली वीज गेल्याने बंद पडली, दुसऱ्याने नातेवाइकांना उधारी देऊन दुकान घालवलं. मला ही दोन प्रकरणं बाकीच्या वीस प्रकरणांइतकी मोलाची वाटतात. दुसरा गृहस्थ म्हणतो की उधारी मागायला जायचं धाडस त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या घरांत उधारी देण्याचे संस्कार असतात, मागण्याचे नसतात. या एका वाक्यावर आमच्या माध्यमिक शाळांत एक तास घेतला जावा, असं मला वाटतं.

माझी आई आता पंच्याऐंशीची आहे. हा मजकूर लिहीत असताना, गेल्या आठवड्यात, गावातली एक मुलगी तिच्याकडे आली. पुण्यातली नोकरी सोडून ती परतली आहे आणि तिला कोकमाचं काम करायचं आहे. मोबाइल पुढे धरून तिने आईला सालीचं आणि साखरेचं प्रमाण विचारलं. आईने तो मोबाइल तिच्या हातून घेतला, कपाटावर ठेवला आणि तिच्या ओंजळीत रातांबे दिले. यातले कुठले आज फोडायचे आणि कुठले उद्या, ते ओळखून दाखव म्हणाली. मुलीने चार चुकीचे काढले. आईने ते बाजूला ठेवले आणि पुन्हा ओंजळ भरली. आभाळ भरून येत होतं आणि रातांबे पावसाआधी उरकायचे होते, म्हणून मीही खाली बसलो.

मालवण, आगोट